डॉ. जे. पी. नाईक : शाळा सर्वांची व्हावी म्हणून

गणपती ही विद्येची देवता. आपण मराठी मंडळी जयपुरात गणेशोत्सव साजरा करतो, तेव्हा हा उत्सव आपणच इथे आणला असे आपल्याला वाटते. सार्वजनिक उत्सवापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण राजस्थानात, विशेषतः शेखावाटीकडे, भाद्रपदातली चतुर्थी हा फार जुन्या काळापासून पाठशाळेचा सण होता. चौक चानणी म्हणत त्याला. गुरुजी विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर जात, मुले हातातले दांडे एकमेकांवर वाजवीत गाणी म्हणत आणि घरची मंडळी गुरुजींना यथाशक्ती दक्षिणा देत. गावाने आपल्या शिक्षकाचा मान राखण्याची ही रीत होती. फक्त एक प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नसे : या मिरवणुकीत नसलेली मुले कुठे आहेत?

हा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेला एक मराठी माणूस म्हणजे डॉ. जयंत पांडुरंग नाईक, अर्थात जे. पी. नाईक. त्यांचा जन्म ५ सप्टेंबरचा आणि निधन ३० ऑगस्टचे. दोन्ही तारखा गणपतीच्या दिवसांच्या आगेमागे येतात. शिवाय त्यांच्या कार्याचा राजस्थानशी जो धागा आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावेसे वाटले.

आजऱ्याचा विठ्ठल

कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा तालुका म्हणजे मुसळधार पाऊस, घनसाळ तांदूळ आणि पलीकडे कोकणात उतरणारा घाट. या तालुक्यातल्या बहिरेवाडी नावाच्या लहानशा खेड्यात १९०७ साली त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती गरिबीची. पाळण्यातले नाव विठ्ठल, वडिलांचे नाव हरी, आडनाव घोटगे. जे. पी. नाईक हे नाव त्यांनी पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या काळात घेतले आणि तेच कायम राहिले. ज्या नावाने देश त्यांना ओळखतो, ते जन्माचे नव्हतेच.

विठ्ठल शाळकरी वयाचा होता त्या काळात, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचे ठरवले. त्याच्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर, ही विसंगती त्यांनी सरकारच्या नजरेला आणली होती. म्हणजे शाळा कोणासाठी, हा वाद आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. नाईक त्याच मातीतले. फुले आणि शाहूंनी ज्या प्रश्नाला हात घातला, त्याचा हिशेब साऱ्या देशासाठी मांडण्याचे काम पुढे त्यांच्याकडे आले.

विद्यार्थी म्हणून ते अतिशय हुशार होते. मनात आणले असते तर चांगली सरकारी नोकरी आणि निवांत आयुष्य त्यांना मिळाले असते. पण सविनय कायदेभंगाच्या चळवळीने त्यांना ओढून घेतले. तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर शहराची वाट न धरता ते धारवाडकडच्या खेड्यांत ग्रामसुधारणेच्या कामात शिरले. रस्ते, स्वच्छता, रोगराई आणि शाळा ही तिथे वेगवेगळी खाती नव्हती. हिवतापाने मूल आजारी पडले की शाळा बुडते. पेरणी-कापणी आली की शाळा बुडते. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नसले की मुलीची शाळा बुडते ती कायमचीच. नाईकांचे शिक्षणशास्त्र ग्रंथालयात बसून सुरू झाले नाही. त्याची सुरुवात या बुडालेल्या दिवसांपासून झाली.

पुढे कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात त्यांनी शिक्षण आणि विकासाची कामे पाहिली. १९४३ साली सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर लिहिलेला ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. या इंग्रजी ग्रंथावर शिक्षकांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. आपल्यातल्या ज्या भगिनींनी बी.एड. केले असेल, त्यांना नुरुल्ला आणि नाईक ही जोडी नक्की आठवेल.

गारगोटी आणि उदयपूर

स्वातंत्र्याच्या सुमारास भुदरगड तालुक्यातल्या गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची उभारणी झाली. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचे. कोल्हापूरचे व्ही. टी. पाटील यांच्याबरोबर नाईक या कामात होते. खेड्यातल्या मुलाने शिकून खेडे सोडावे, हा जणू नियमच झालेला होता. शिक्षण म्हणजे गावातल्या हुशार मुलांना वेचून शहराकडे पाठवणारी यंत्रणा. गारगोटीचा प्रयत्न याच्या उलट होता. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतची सोय डोंगराळ मुलखातच करायची आणि शेती, आरोग्य, ग्रामपंचायत हे सारे शिक्षणाच्या कक्षेत घ्यायचे, अशी ती कल्पना होती.

राजस्थानचा पहिला धागा इथे जुळतो. ग्रामीण उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने उदयपूरच्या विद्याभवनातले शिक्षणतज्ज्ञ डॉ. कालूलाल श्रीमाळी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या शिफारशीनुसार १९५६ साली देशात ज्या पहिल्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू झाल्या, त्यांत गारगोटी होती आणि उदयपूरचे विद्याभवनही होते. सह्याद्रीच्या आणि अरवलीच्या कुशीतल्या दोन संस्था एकाच वाटेने निघाल्या. पुढे श्रीमाळी केंद्रात शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९५९ साली, नाईक शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून दिल्लीला गेले. प्राथमिक शिक्षण हा त्यांचा विषय.

संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. १९६० साल उजाडले तेव्हा ते उद्दिष्ट कितीतरी दूर होते. पहिलीत नाव घातलेल्या मुलांपैकी निम्मीसुद्धा पाचवीपर्यंत टिकत नव्हती. मुलींचे आणि दलित-आदिवासींचे प्रमाण त्याहून कमी. नाईकांनी या अपुऱ्या राहिलेल्या कामावर पुस्तक लिहिले. नंतर १९७५ मध्ये त्याच विषयावर पुन्हा लिहिताना त्याला पाळावयाचे वचन असे नाव दिले. सरकारी नोंदींतले आकडे त्यांना पाठ असत आणि प्रत्येक आकड्यामागची मुलेही त्यांच्या डोळ्यांपुढे असत.

कोठारी आयोग

१९६४ साली भारत सरकारने शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष होते डॉ. दौलतसिंह कोठारी. मूळचे उदयपूरचे, मेघनाद साहांचे शिष्य, थोर भौतिकशास्त्रज्ञ आणि तेव्हाचे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. सदस्यांमध्ये आपल्या जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातले प्रा. एम. व्ही. माथुर होते. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत रशिया आणि जपान येथील तज्ज्ञही होते. असा हा १७ जणांचा आयोग. मेवाडचा शास्त्रज्ञ आणि कोल्हापूरचा कार्यकर्ता यांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर, पण घडण अगदी वेगळी. दोघांनी मिळून स्वतंत्र भारताच्या शिक्षणाचा नकाशा काढला.

काम २ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाले आणि अहवाल २९ जून १९६६ रोजी सादर झाला. २१ महिन्यांत आयोगाने सर्व राज्ये पालथी घातली. ९,००० हून अधिक लोकांशी चर्चा केली, २,४०० हून अधिक निवेदने तपासली. हे सारे एका सुसंगत अहवालात बसवणे ही सदस्य-सचिवाची जबाबदारी होती आणि त्या अहवालावर नाईकांच्या अविश्रांत श्रमांचा ठसा आहे.

आज आपल्या घरात मूल दहावीला आहे, बारावीला आहे असे आपण सहज म्हणतो. ही दहा अधिक दोन अधिक तीन अशी रचना देशभर एकसारखी असावी, हा आग्रह या आयोगाचा. महाराष्ट्रात १९७५ साली अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली ती त्यातूनच. बदलीच्या नोकरीमुळे नाशिकहून भोपाळ आणि भोपाळहून जयपूर असा प्रवास केलेल्या आपल्या मुलांचे वर्ष वाया गेले नाही, याचे थोडेफार श्रेय या अहवालाला द्यायला हवे. दहावीपर्यंत सर्वांना गणित आणि विज्ञान, शाळेत कार्यानुभव, शिक्षकांना बरे वेतन, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर, या शिफारशीही त्यातल्याच.

पण आयोगाची सर्वांत मूलगामी शिफारस वेगळीच होती : शेजारशाळा. एका वस्तीतली सर्व मुले, मग ती अधिकाऱ्याची असोत, दुकानदाराची असोत की झाडूवाल्याची, वस्तीतल्या एकाच सार्वजनिक शाळेत जातील. यामागे भाबडी समता नव्हती, व्यवहार होता. वजनदार माणसाचे मूल ज्या शाळेत बसते, त्या शाळेचे छप्पर गळत राहत नाही. तिथे शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहत नाही. आपले मूल तिथून काढून घेतले की आपला आवाजही निघून जातो आणि मागे उरलेल्यांचे ऐकायला कोणी नसते.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दहा अधिक दोन आले, त्रिभाषा सूत्र आले. समान शाळापद्धतीचा उल्लेखही आला. पण तो कागदावरच राहिला. सहा टक्क्यांचा आकडा त्यानंतरच्या धोरणांत फिरून फिरून येत राहिला, २०२० च्या धोरणातही आला. प्रत्यक्षात तो आजवर गाठलेला नाही.

त्रिकोणाचे तीन कोन

इथून पुढचे नाईक अधिक मोठे आहेत असे मला वाटते. आपल्याच अहवालाचे काय झाले, याची परखड झडती घेणारे लोक विरळा. नाईकांनी ती घेतली.

१९७५ च्या सुमारास त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन गोष्टींचा एक त्रिकोण मांडला आणि तो आपल्या हातून सतत निसटतो असे दाखवून दिले. जुन्या समाजात शिक्षण थोड्यांना आणि बऱ्यापैकी चांगले मिळे. बाकीचे बाहेर. स्वातंत्र्यानंतर आपण संख्या वाढवली, शाळा लाखोंनी उघडल्या. पण त्या प्रमाणात खोल्या, शिक्षक, पुस्तके वाढली नाहीत, म्हणून गुणवत्ता घसरली. ती घसरताच ज्यांना परवडत होते त्यांनी आपली वेगळी चांगली शाळा गाठली, म्हणून समता गेली. एक कोन धरावा तर दुसरा सुटतो.

समाजशास्त्रज्ञांनी जगभर हा प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी पाहिला आहे. फ्रान्सचे दर्खिम म्हणत की विखुरलेल्या माणसांचा एक समाज घडवणे हे शाळेचे मुख्य काम. त्याच देशातले बोर्द्यू यांनी नंतर नाण्याची दुसरी बाजू दाखवली. घरातली पुस्तके, शुद्ध भाषा आणि बोलण्याची ढब ज्यांना जन्मतः मिळते, त्यांच्या या वारशाला शाळा गुणवत्ता म्हणते आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना नापास करते. एका दृष्टीने शाळा ही शिडी, दुसऱ्या दृष्टीने चाळणी. नाईकांना भारतात या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत दिसत होत्या.

आयोगाच्या काळात त्यांचा भर शिक्षणातून समाज बदलण्यावर होता. दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवाने ते सांगू लागले की एकट्या शाळेने समाज बदलत नाही. जमीन, मजुरी, जात, बाईचे घरातले स्थान यांत काही हलले नाही, तर चांगली योजनाही वरच्यांच्याच पदरात पडते. दोन्ही आघाड्यांवर एकदम चालावे लागते.

म्हणूनच समाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्था त्यांना महत्त्वाच्या वाटल्या. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव नाईक. १९७८ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. संशोधन दिल्लीपुरते राहू नये म्हणून राज्याराज्यांतल्या संस्थांना परिषदेने बळ दिले. जयपूरच्या झालाना भागातली १९८१ मध्ये सुरू झालेली विकास अध्ययन संस्था याच जाळ्यातली. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचा १९७४ चा गाजलेला अहवाल आला, तेव्हा त्यातून पुढे स्त्रीविषयक संशोधनाचा वेगळा कार्यक्रम उभा करण्यातही नाईकांचा पुढाकार होता. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९४८ साली मुंबईत स्थापन झालेली त्यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्याला आली. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या स्वतः मोठ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या आणि २०१० पर्यंत हयात होत्या. या दोघांनी शाळेबाहेरच्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा विचार पुढे नेला. शाळेत सहाव्या वर्षी पहिलीतूनच शिरायचे, एकेक इयत्ता ओळीने चढायची आणि दिवसभर बसायचे, ही घडी कमावत्या घरातल्या मुलाला परवडत नाही, हे नाईकांचे निरीक्षण. मग बाराव्या वर्षी का शिरू नये? संध्याकाळी दोन तास का शिकू नये?

राजस्थानात या विचाराची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर घडली. तिलोनियाच्या रात्रशाळा, १९८७ मध्ये सुरू झालेला शिक्षाकर्मी प्रकल्प आणि त्यातल्या प्रहर पाठशाळा. दिवसा शेळ्या चारून आलेली मुले-मुली रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत.

या विचारावर टीकाही झाली आणि ती सांगणे न्याय्य ठरेल. श्रीमंताच्या मुलाला पूर्ण शाळा आणि गरिबाच्या मुलाला दोन तासांची, ही दुय्यम सोय कायमची होऊन बसेल आणि बालमजुरीला निमित्त मिळेल, असे टीकाकार म्हणाले. त्या म्हणण्यात तथ्य होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाचा पूर्ण वेळच्या शाळेवरचा हक्क मान्य केला. पण नाईकांनी संध्याकाळची शाळा शेजारशाळेच्या जोडीला सुचवली होती, तिच्याऐवजी नाही. समाजाने सोपा अर्धा भाग उचलला आणि अवघड अर्धा सोडून दिला.

अखेरच्या वर्षांतही ते थांबले नाहीत. १९७८ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संघटनेतर्फे जनतेच्या शिक्षणाचा मसुदा निघाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. सर्वांसाठी आरोग्य या विषयावरचा अभ्यास १९८१ मध्ये पुरा झाला. धारवाडकडच्या खेड्यात हिवताप आणि शाळा त्यांना एकत्र दिसले होते. ते वर्तुळ पूर्ण झाले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने जगातल्या १०० शिक्षणविचारकांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत बहिरेवाडीच्या या मुलाला स्थान मिळाले.

आपल्या गल्लीतली शाळा

आपण जयपुरात आलो ते बहुतेक शिक्षणाच्या जोरावर. कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत, कोणी विद्यापीठात, कोणी कारखान्यात. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणीतरी वार लावून जेवला, कोणी नगरपालिकेच्या दिव्याखाली वाचला. शाळा आपल्यासाठी शिडी ठरली आणि आपण वर आलो.

मालवीय नगर असो की मानसरोवर, सकाळी सातला गल्लीत उभे राहून पाहावे. एकाच गल्लीतून चार पिवळ्या बसगाड्या मुलांना चार दिशांना नेतात. मागच्या वस्तीतली मुलगी पायी सरकारी शाळेत जाते. तिची आई आपल्या घरी भांडी घासते आणि बाळाला ताप आला की मुलीची शाळा बुडते. ही सर्व मुले जन्मापासून शेजारी राहतात आणि एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक नसतात. यात कोणा एकाचा दोष नाही. आपले मूल चांगल्या शाळेत जावे असे कोणाला वाटत नाही? नाईकांचा मुद्दा एवढाच की आपण सर्वांनी मिळून केलेल्या लाखो निर्दोष निवडींतून एक सदोष समाज तयार होतो आणि तो सुधारायलाही सर्वांनी मिळूनच लागावे लागते.

आपल्या मुलांना कालच्या शाळेतून काढून सरकारी शाळेत घाला, असे सांगण्याचा अधिकार मला नाही, कारण मीही तसे केले नाही. पण वस्तीतल्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते याची चौकशी करता येते. आपल्यातले निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोन दिवस तिथे गणित शिकवू शकतात. आपला जो आवाज आपण त्या शाळेतून काढून घेतला, त्यातला थोडा परत देता येतो.

उत्सवाच्या दहा दिवसांत आपल्या मंडपात एक गोष्ट आपसूक घडते. संध्याकाळच्या आरतीला आजूबाजूची सगळी मुले गोळा होतात. झांजा कोणाच्या हाती द्यायच्या यावरून भांडतात आणि प्रसादाला एका रांगेत उभी राहतात. कोण कुठल्या शाळेत जाते हे तिथे कोणी विचारत नाही. विसर्जनानंतर ही मुले पुन्हा आपापल्या वाटांनी जातात. त्यांच्या वाटा वर्षातून आणखी काही दिवस तरी एक व्हाव्यात, एवढी बुद्धी गणरायाने आपल्याला द्यावी. डॉ. जे. पी. नाईक यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!